कोंडवाड्यातलं कॉलेज

शहरातल्या आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजला इतिहास होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. दगडी कमानी कोणाच्या काळात उभ्या राहिल्या, शवविच्छेदनाच्या हॉलचं छत एवढं उंच का, घोड्यांच्या तबेल्याचं वाचनालय कसं झालं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना गाईची हाडं शिकवण्याआधी ऐकवलं जाई. वाचनालयात पावसाळ्यात अजून घोडे असल्यासारखा वास यायचा, हे मात्र कोणी सांगत नसे. भिंतीभिंतीवर संगमरवरी पाट्या होत्या. याच कॉलेजची एक शाखा भंडारा जिल्ह्यात, वरठी स्टेशनापासून सायकलीच्या टप्प्यातल्या एका गावात निघाली. तिच्या जन्माची पाटी कुठेही नाही. आज तिथे टाइल्स लावलेली, पंखे फिरणारी इमारत आहे आणि नव्या मुलांना वाटतं की शाखा त्या इमारतीतच जन्मली. तसं नाही. ती कोंडवाड्यात जन्मली. हे सांगायला आता मीच उरले आहे, आणि मला सांगायची हौसही आहे.

मी त्याच जिल्ह्यातल्या कोंढ्याकडची. घरी धान, घरी ढोरं. ढोरांची डॉक्टर व्हायचं माझ्या डोक्यात कसं शिरलं हे मलाही ठाऊक नाही, पण शिरलं ते निघालं नाही. काका सगळ्या पाहुण्यांना सांगत, "आमची पोरगी डॉक्टरीन झाली जी, पन ढोरायची." हे सांगताना ते 'पन' वर असा दम खात की पाहुण्यांना काय बोलावं ते सुचत नसे. सत्तरच्या दशकात कॉलेजात मुली म्हणजे एका बाकावर मावतील एवढ्याच. आम्हाला मोठ्या जनावराला हात लावू देत नसत. "बाई, लाथ बसेल." "बाई, जोर लागतो." "बाई, बरं दिसत नाही." पास झाल्यावर मला तिथेच नोकरी दिली, तीसुद्धा प्रयोगशाळेत. दिवसभर काचपट्ट्या धुवायच्या, सुकवायच्या, त्यांच्यावर शेणाचा ठिपका लावून सूक्ष्मदर्शकात पाहायचं. ज्या गाईचं शेण पाहायचं ती गाय काही दृष्टीस पडायची नाही. मी मुळात चिडकी. त्या काळात मी किती काचपट्ट्या फोडल्या, आणि त्यातल्या किती हातून निसटल्या, हा भेद न केलेलाच बरा.

अशात आमच्या विभागाच्या मोठ्या सरांनी विद्यापीठाच्या मागे लागून खेड्यात शाखा काढायचं मंजूर करून घेतलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी काही आठवडे गावात राहायचं, खऱ्या गोठ्यातली खरी जनावरं तपासायची. तिथे कायम राहायला मास्तर हवा होता. शहर सोडून चिखलात जायला एकही पुरुष तयार होईना. तेव्हा सरांनी मला विचारलं आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

सर कोल्हापूरकडचे. मनाने भला माणूस, पण शेतातल्या पिकालाही भात म्हणायचे. आमच्याकडे शेतात असतं ते धान, ताटात आलं की भात. गावचे लोक त्यांच्यासमोर नम्रपणे ऐकत आणि मागे हसत. शाखेला इमारत हवी होती. ग्रामपंचायतीने तिचा जुना कोंडवाडा फुकट देऊ केला, कारण पंचायतीजवळ नवा बांधून झाला होता. सर पाहायला गेले आणि हरखलेच. कमरेच्या वर दगडी भिंती, आत फरशी घातलेलं सपाट अंगण, एका बाजूला टिनाचं छप्पर, पाण्याचं टाकं, मागे खोली. "अहो, जनावरांसाठीच बांधलंय हे!" ते म्हणाले. फुकट ते पौष्टिक.

"सर, हा कोंडवाडा आहे," मी म्हटलं.

"होता."

"लोक आत ढोर आणणार नाहीत."

"भिंतीला कसली आलीय अब्रू?" सर म्हणाले, आणि फाटकाला तेल घालायला सांगून गाडी पकडायला वरठीला गेले.

कोंडवाडा म्हणजे ढोरांचा तुरुंग. मोकाट सुटलेलं जनावर दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरून धान खाताना सापडलं, की त्याला हाकत नेऊन कोंडवाड्यात घालायचं आणि फाटक लावायचं. मग मालकाने खाली मान घालून यायचं, दंड भरायचा आणि सगळ्या गावासमोरून आपला चोर घरी न्यायचा. एकदा आत जाऊन आलेलं जनावर जन्मभर ते नाव मिरवतं. बैलाचा सौदा होताना लोक आधी दात पाहतात आणि मग हळूच विचारतात, "कोंडवाड्यात तं नाही ना गेला कदी?" हे मला ठाऊक होतं. माझ्या माहेरी एक गाय अशीच 'गेलेली' होती आणि तिच्या वासरांनाही ते ऐकावं लागे.

शाखा उघडली. नारळ फुटला. सरांनी बसवून घेतलेला लाकडी खोडा, म्हणजे जनावर उभं करून बांधायची चौकट, अंगणात मधोमध उभा होता. पहिला रोगी आला. पांढराशुभ्र बैल, खुरात काटा मोडलेला. फाटकापर्यंत आला आणि थांबला. बैल नव्हे, मालक थांबला.

"आत आणा ना," मी म्हटलं.

"काहून जी? माया बैलानं कोनाचं धान खाल्लं?"

"हा दवाखाना आहे आता."

"असन. तुमी बाहेर या, डॉक्टरीनबाई."

मी बाहेर गेले. फाटकासमोर मोहाचं एक जुनं झाड होतं, त्याच्या बुंध्याला बैल बांधला आणि काटा काढला. दुसऱ्या दिवशी शेळ्या आल्या, त्याही झाडाखाली. मग वळू, मग कालवडी. खोडा आत, ढोरं बाहेर. विद्यापीठाची शाखा खरोखर शाखेखाली चालू होती, असं मुलं म्हणत, आणि मी त्यांना त्याबद्दल रागावत असे. उन्हाळ्याच्या तोंडाला मोह गळायला लागला तेव्हा तर रोग्यांची चंगळ झाली. जनावरं तपासून घेताना खालची फुलं वेचून खात. पहाटे फुलं वेचायला येणाऱ्या बाया माझ्यावर उखडल्या. त्यांचं म्हणणं असं की मी सगळ्या गावचे ढोरं बोलावून त्यांचा मोह चारून राहिले आहे. रोगी सुधारले, शेजारणी बिघडल्या.

सरांनी हार मानली नाही. आधी भिंतींना चुना दिला. मग शहरातून एक पाटी पाठवली. सागवानाची जाड, लांबलचक फळी, तीवर विद्यापीठाचं संपूर्ण नाव, त्याखाली शाखेचं नाव, त्याखाली बैलाचं चित्र. बैलाला पाहून गावकरी फक्त एवढंच म्हणाले, "हा कोनाचा कोंडला?"

खरी कोंडली गेली होती ती आमची मुलं. त्यांची राहायची सोय मागच्या खोलीतच होती. शहरातले पोट्टे संध्याकाळी फाटकाला टेकून उभे राहिले की येणारा-जाणारा विचारायचा, "कोनाच्या बांधीत शिरले होते, भाऊ? यायले सोडवाले कोन येनार हाय?" एका मुलाची आई शहराहून त्याला भेटायला आली, तेव्हा गावभर पसरलं की एकाची सुटका झाली.

मी मुलांसोबत राहणं शक्य नव्हतं. मला खोली मिळाली ती जवळच्याच एका घरात. घरवालीला मी मावशी म्हणत असे. नवरा लवकर गेलेला, मुलगा दूर नोकरीला. तिच्याजवळ थोडी धानाची शेती आणि एक म्हैस. म्हैस म्हणजे तिचा संसारच. वरठीच्या हॉटेलवाल्याला तिचं दूध जाई आणि त्यातला पेलाभर सकाळी माझ्या दारात येई. मावशी तोंडाने फटकळ. माझा राग आणि तिचा राग एका छपराखाली राहत होते आणि एकमेकांना मान देत होते. ती म्हशीबद्दल बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. "गावातल्या सब्बन ढोरायचं नाव खराब हाय बाई. माया म्हशीनं कोंडवाड्याचं फाटक पाहेलच नाही." मी मनात म्हणे, मावशी, ती रोज त्या फाटकासमोरूनच चरायला जाते. पण मोठ्याने म्हणत नसे. दूध पातळ झालं असतं.

वर्ष-दीड वर्ष झालं. इकडे मी झाडाखाली जन्मभर पुरेल एवढं शिकत होते. माझे हात शेणामातीत होते आणि मी सुखात होते. तिकडे विद्यापीठात कुजबुज सुरू झाली की शाखा आहे कुठे? पाहणी करायला समिती येणार असं ठरलं. सर आदल्या दिवशीच आले. चेहरा उतरलेला.

"उद्या ते काय पाहणार?" ते म्हणाले. "रिकामी इमारत आणि झाडाखाली डॉक्टर. अध्यक्ष आधीच म्हणतायत की बंद करा. बंद झाली तर मी काही दिवस लोकांची बोलणी खाईन. तुम्हाला मात्र परत प्रयोगशाळेत यावं लागेल."

मला काचपट्ट्यांचा तो ओला वास आठवला. त्या जागी मी परत बसू शकेन असं मला मुळीच वाटत नव्हतं. मी सरांना म्हटलं, "उद्या एक तरी ढोर आत नेऊन दाखवते." कसं, ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागलेला. रोवण्याचे दिवस. कोंडवाड्याला लागूनच असलेल्या बांधीत बाया गुडघाभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवत होत्या. मी फाटकात उभी राहून कोणाची तरी गाय भाड्याने मिळते का, या विचारात होते, तेवढ्यात मावशी म्हैस घेऊन आली. म्हैस अडली होती. रात्रीपासून कळा देत होती आणि काही पुढे सरकत नव्हतं. मावशीने रात्रभर मला उठवलं नव्हतं, कारण "तुये साहेब लोक येनार, तुले झोप पायजे."

मोहाखाली म्हैस बांधून मी हात घालून पाहिला. गर्भाशयाला पीळ पडला होता. ओला टॉवेल पिळतात तसा पीळ, आणि त्याच्या पलीकडे रेडकू अडकलेलं. यावर एक उपाय असतो. ज्या बाजूला पीळ, त्या कुशीवर म्हैस निजवायची, पाय बांधायचे, कुशीवर एक लांब फळी आडवी टेकवून त्या फळीवर एक वजनदार माणूस उभा करायचा, आणि सगळ्यांनी मिळून म्हैस त्याच बाजूला लोळवायची. फळीने आतलं रेडकू जागीच दाबून धरायचं आणि म्हशीने त्याच्याभोवती फिरायचं, म्हणजे पीळ सुटतो. पण त्यासाठी सपाट, घट्ट जमीन हवी. झाडाखाली मुळांचे गुडघे वर आलेले आणि मधे चिखलाची डबकी.

"मावशी, आत घ्या हिला."

"नाही."

"इथे लोळवता येत नाही. मरेल ती."

"मरन तं माया म्हशीसारखी मरन. कोंडवाड्यात गेलेली म्हनून नाही मरनार."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तरीही माझं डोकं फिरलं. मी सगळ्या बांधीला ऐकू जाईल असं ओरडले, "मग काय करू? भिंती पाडू का तुमच्यासाठी?"

बांधीतल्या बाया उभ्या राहिल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग कोंडवाड्याकडे.

"भिंती कायले पाडतं?" ती म्हणाली. "भिंती तं घरालेही रायते. कोंडवाडा होते तो फाटकानं. फाटक काढ, मंग येतो."

सरांनी दीड वर्ष चुना फासला, पाटी लावली, आणि हे कोणी विचारलंही नव्हतं. मीही नाही. मी या मातीतली, पण मलाही वाटत होतं की अडचण दगडात आहे. मी मुलांना हाक मारली. मुलांनी फाटकाला खांदा दिला, पण सरांच्या तेलाने बिजागऱ्या भलत्याच खुशीत होत्या. फाटक नुसतं मागेपुढे झुलायचं, निघायचं नाही. "अरे वरती उचला रे, लोटता कायले?" असं म्हणत बांधीतल्या बाया चिखलासकट वर आल्या, पदर खोचले, आणि एका हिसक्यात फाटक बिजागरीतून उपसलं. ते डोक्यावर घेऊन त्या बांधीकडे निघाल्या.

नेमकी तेव्हाच समिती आली. जीप नाल्यात रुतली होती, म्हणून पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, जोडे हातात घेऊन. पुढे अध्यक्ष साहेब, भरभक्कम गृहस्थ. मागे दोन सडपातळ सभासद. सर हार घेऊन पुढे झाले आणि सगळ्यांनी एकदम पाहिलं की विद्यापीठाच्या मालमत्तेचं फाटक चिखलाने माखलेल्या बाया डोक्यावर घेऊन चालल्या आहेत.

"हे काय चाललंय?" अध्यक्षांनी विचारलं.

सर म्हणाले, "प्रात्यक्षिक." त्यांच्या हुशारीचं मला तेव्हा पहिल्यांदा कौतुक वाटलं.

मावशीने म्हशीचा कासरा धरला आणि फाटक नसलेल्या वाटेने ती आत आली. मान ताठ. आम्ही फरशीवर पोती अंथरली, दोर टाकून म्हैस निजवली, पाय बांधले. फळी हवी होती. मी इकडेतिकडे पाहिलं आणि एका मुलाला सांगितलं, पाटी उतरव. विद्यापीठाचं संपूर्ण नाव म्हशीच्या कुशीवर टेकलं. आता तीवर उभं राहायला वजनदार माणूस हवा होता. मुलं सगळी मेसच्या जेवणावर जगलेली. मी अध्यक्षांकडे पाहिलं.

"साहेब, फळीवर या."

"मी?"

"लवकर या, साहेब. मी सांगेपर्यंत उतरू नका."

मी ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजात मी एरवी फक्त बैलांशी बोलते. साहेब आले. एका सभासदाचा खांदा धरून फळीवर चढले. बाया आणि मुलं दोराला लागली, मावशी म्हशीच्या डोक्याशी बसली. "हं!" म्हटल्यावर सगळ्यांनी ओढलं, म्हैस लोळली, साहेब फळीवर नाव हाकल्यासारखे डोलले पण पडले नाहीत. मी हात घालून पाहिलं. पीळ तसाच. पुन्हा निजवली, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा लोळवली आणि माझ्या हाताला आत एकदम वाट मोकळी झाल्याचं कळलं. पाण्याचा लोंढा आला तो माझ्या अंगावर आणि साहेबांच्या दुमडलेल्या पँटीवर. पाठोपाठ पुढचे पाय, मग नाक. दोन मुलांच्या मदतीने मी ओढत राहिले आणि रेडी फरशीवर आली. ती निपचित होती. मी तिच्या नाकातला चिकटा काढला, पेंढीने छाती चोळली, आणि ती फुरफुरली.

मावशीने आधी म्हशीच्या कपाळाला हात लावला, मग त्याच हाताने माझा गाल धरला. बाया जोरजोरात हसायला लागल्या, कारण साहेब अजून फळीवरच उभे होते. मी उतरा म्हणायला विसरले होते.

चहा झाला, गुळाचा. साहेब टिनाखाली पोत्यावर बसले आणि खुलले. त्यांनी आयुष्यात बरेच अहवाल पाहिले होते, पण पीळ सुटताना फळीखालून कसा हलतो ते त्यांना आज कळलं, असं ते स्वतःच म्हणाले. "शाखा चालू ठेवू," ते सरांना म्हणाले. सरांनी डोळे मिटले. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे केस म्हशीच्या पाण्याने चिकटलेले, हात खांद्यापर्यंत रक्ताने भरलेले. त्यांना खरोखरच माझी दया आली असावी. "पण बाईंना मात्र परत बोलवू. हे काम बाईमाणसाचं नाही. इथे एखादा धट्टाकट्टा माणूस पाठवू. बाईंना प्रयोगशाळेत बरं पडेल."

माझा राग एरवी जिभेवर असतो. त्या वेळी मात्र मी पेंढी उचलली आणि कोरड्या झालेल्या रेडीलाच पुन्हा चोळायला लागले.

मावशी म्हशीला कोमट पाणी पाजत होती. ती तिथूनच म्हणाली, "नेजा ना साहेब. तुमची बाई हाय, नेजा. पन जाताना फाटक बसवून जाजा."

"फाटक कशाला?"

"बाई नाही तं हा कोंडवाडाच हाय. आन् कोंडवाड्यात आमी ढोर नाही आनत."

बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फाटक आडवं पडलं होतं आणि रोवणाऱ्या बाया त्यावर ओळीने बसून शिदोरी खात होत्या. मावशीचं बोलणं ऐकून त्यांनी घास थांबवले. एकीने पाय आणखी पसरले आणि फाटकावर ऐसपैस बसली. साहेबांनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"फाटक राहू द्या तिथंच," ते सरांना म्हणाले.

मी हात धुते असं सांगून बोडीवर, गावच्या लहानशा तळ्यावर, गेले. पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसले, आणि मला असं रडू फुटलं की हात धुवायचे तसेच राहून गेले.